नमुन्याचं पाकीट

एक

निवडणूक होऊन आठवडा झाला, तलाव क्लबचा चिटणीस असलेल्या टेलरने फलकावर निकालाची यादी लावली आणि त्याचंच नशीब फुटलं.

यादी मध्यवर्तीकडून आली होती. मध्यवर्ती म्हणजे पोहण्याच्या बासष्ट क्लबांची मिळून झालेली मोठी संस्था. तिचा अध्यक्ष दर तीन वर्षांनी हे क्लबच निवडतात. एका क्लबाला एक मत. क्लबाने आपली सभा घ्यायची, हात वर करून कोणाला मत द्यायचं ते ठरवायचं, चिटणिसाने मतपत्रिकेवर तशी खूण करून ती पाकिटात घालायची, पाकीट चिकटवून त्याच्या तोंडावर क्लबचा शिक्का मारायचा आणि वर अध्यक्ष-चिटणीस दोघांनी आडव्या सह्या करायच्या. हे पाकीट चिटणीस स्वतः मध्यवर्तीत नेऊन देतो. मत गुप्त नसतं. कोणत्या क्लबाचं मत कोणाला पडलं हे नंतर सगळ्यांना छापून पाठवतात, म्हणजे चिटणिसाने वाटेत दगाफटका केला तर क्लबाला कळावं.

तलाव क्लबच्या सभेला एकवीस माणसं होती. त्यातल्या एकोणीस जणांनी कोचबाईंसाठी हात वर केले होते. यादीत मात्र क्लबच्या नावापुढे छापलं होतं, ‘फरशीवाले’.

फरशीवाले हे सहा वर्षं खुर्चीला गोचिडासारखे चिकटलेले अध्यक्ष. कोणाची मुलं स्पर्धेला जाणार हे त्यांच्या घरच्या सोफ्यावर ठरायचं, आणि कोचबाई उभ्या राहिल्या होत्या त्या याच कारणासाठी. फरशीवाले तेहेतीस विरुद्ध एकोणतीस असे निवडून आले. तलाव क्लबच्या एका मताने निकाल काही बदलत नव्हता. पण क्लबाला निकालाचं पडलेलं नव्हतं. क्लबाला चोर सापडला होता, आणि माणसाला चोर सापडल्यावर जो आनंद होतो तो बासष्ट निवडणुका जिंकूनही होत नाही. पाकीट नेलं कोणी? टेलरने. मग विकलं कोणी? झालं.

येत्या रविवारी सभा ठेवली होती. विषय एकच, चौदा वर्षं चिटणीस असलेल्या टेलरला क्लबातून काढून टाकणे.

टेलरने मध्यवर्तीकडे लेखी तक्रार केली. तक्रारीची चौकशी बाहेरच्या माणसाने करावी असा नियम होता, म्हणून मध्यवर्तीने मापवाल्या बाईंना बोलावलं. बाई तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होत्या. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, तळ ठोकून वर उचललेलं दुधाचं माप, हे सगळं त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि त्यामुळे मनुष्यजातीविषयी त्यांचं मत फारसं बरं राहिलेलं नव्हतं. म्हातारी एका दिवसात दोन सह्या करून, चहा पिऊन घरी जाईल असा मध्यवर्तीचा हिशेब होता.

बुधवारी सकाळी बाई टेलरच्या दुकानात शिरल्या. दुकानाच्या काचेवर कोणीतरी खडूने ‘मत शिवून मिळेल’ असं लिहून ठेवलं होतं.

दोन

टेलर शिलाई यंत्रापाशी बसला होता, पण पाय चालत नव्हते. टेलरची बायको काजं करत होती आणि बोलतही होती.

“बघा बाई, चौदा वर्षं क्लबसाठी राबले. मुलांच्या टोप्या फुकट शिवल्या. आता गिऱ्हाईक कापड परत घेऊन जातंय. काल एकजण म्हणाली, माप चोरायचे नाहीत ना?”

“तू थांब जरा,” टेलर म्हणाला.

“का थांबू? तुम्ही थांबलात म्हणूनच ही वेळ आली.”

बाईंनी स्टूल ओढलं. “टेलरभाऊ, सभेपासून सुरू करा. काही गाळू नका, मग ते कितीही फालतू वाटलं तरी.”

टेलरने सांगितलं. सभेत मोजणी झाली, सगळ्यांसमोर खूण केली, पाकीट चिकटवलं. शिक्क्याचं जुनं जांभळं पॅड उघडलं तर वाळून खडखडीत. म्हणून समोरच्या दुकानातून नवीन पॅड आणलं. ते निळं मिळालं. शाई इतकी ओली होती की शिक्का मारताना उडाली.

“मग पाकीट कुठे होतं रात्रभर?”

“रात्र कसली, सभा सकाळी दहाला होती. मी तिथूनच निघालो आणि अकराला मध्यवर्तीत पोचलो. पाकीट हातात होतं.”

“तिथे कोणाला दिलंत?”

“गुरुजींना. मध्यवर्तीची निवडणूक तेच बघतात. फाटकाशी कारकूनबाई नाव लिहून घेतात, मग प्रत्येक चिटणीस रांगेतून गुरुजींच्या टेबलाशी जातो. गुरुजी नमुन्याचं पाकीट काढतात, आपलं पाकीट त्याच्याशेजारी धरून शिक्का-सह्या जुळवून बघतात आणि पेटीत टाकतात.”

“नमुन्याचं पाकीट म्हणजे?”

“निवडणुकीच्या दोन महिने आधी प्रत्येक क्लबाने एक पाकीट पाठवायचं. तसंच चिकटवलेलं, तसाच शिक्का, तशाच सह्या. आत मतपत्रिकेऐवजी नुसता कोरा कागद. पाकीट आणि कागद मध्यवर्तीच पुरवते. खऱ्या पाकिटावरच्या सह्या खोट्या निघू नयेत म्हणून तो नमुना. नियम गुरुजींनीच केलाय, फार वर्षांपूर्वी.”

“तुमच्यासमोर पाकीट पेटीत पडलं?”

“या डोळ्यांनी बघितलं. क्लबचं छापील नाव माझ्या बाजूला होतं, शिक्क्याची बाजू गुरुजींकडे. दोन्ही पाकिटं शेजारी धरली, मान डोलावली, एक पेटीत टाकलं, एक गठ्ठ्यात ठेवलं. मग मी घरी आलो. पेटी तासाभराने तिथेच सगळ्यांदेखत उघडली म्हणे.”

बाई उठल्या. उठताना त्यांचं लक्ष खाली गेलं. दुकानात नव्या कोऱ्या फरशा होत्या. मध्यवर्तीचे अध्यक्ष फरशांचे व्यापारी, आणि मत विकल्याचा आरोप असलेल्या माणसाच्या दुकानात ताजी फरशी.

“कधी बसवल्यात या?” बाईंनी विचारलं.

टेलरच्या बायकोच्या हातातली सुई थांबली. “गेल्या महिन्यात,” ती म्हणाली. “निवडणुकीच्या आधी.”

तीन

तलाव क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा आणि भीतीचा वास होता. डॉक्टर हात धूत बोलत होते, आणि बोलणं संपेपर्यंत हात धूतच राहिले.

“फरशी बघितलीत ना? मग चौकशी कसली करताय बाई? सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे.”

“बघितली. तीन रंगांच्या आहेत. दोन कोपऱ्यांत तुकडे जोडलेत. कपाटाखाली एक फरशी उलटी बसलीय.”

“त्याचं काय?”

“फरशांचा व्यापारी लाच देतो तेव्हा कोणाच्या न्हाणीघरातून उरलेले तुकडे देत नाही. टेलरचा मेहुणा गवंडी आहे. त्याच्याकडे उरलेला माल होता. मी येताना त्याला भेटून आले.”

डॉक्टरांचा चेहरा पडला. निरपराधपणाचा पुरावा ऐकून चेहरा पडणारी माणसं बाईंनी आधीही पाहिली होती, पण सवय काही झाली नव्हती. हा माणूस चौदा वर्षं टेलरच्या शेजारी बसून त्याच्याच डब्यातलं खात आला होता.

“पाकिटावर तुमची सही होती,” बाई म्हणाल्या.

“होतीच. आणि उघडलं तेव्हा ती जशीच्या तशी होती. म्हणजे पाकीट वाटेत कोणी फोडलं नाही. म्हणजे आतली खूण टेलरने आधीच बदलली होती. हातचलाखी. सुईत दोरा ओवणाऱ्याला काय अवघड आहे?”

“खूण तर सगळ्यांसमोर केली.”

“माझं काही लक्ष नव्हतं. माझा शर्ट खराब झाला त्या गडबडीत.”

“कशाने?”

डॉक्टरांनी चिडून बाही पुढे केली. पांढरा शर्ट, मनगटापाशी निळे ठिपके, धुवून फिके झालेले. “हे बघा. ते पॅड. बायकोने तीन वेळा धुतला. म्हटलं दवाखान्यात तरी वापरावा.”

बाईंनी ठिपके चष्म्यातून नीट पाहिले. “हा शर्ट आता धुऊ नका.”

“का?”

“तुम्ही ज्याला चोर ठरवलंत, त्याचा साक्षीदार तुमची बाही आहे.”

चार

मध्यवर्तीचं कार्यालय पोहण्याच्या मोठ्या तलावाला लागून होतं. भिंतींना ओल धरली होती, कपाटं फुगली होती आणि सगळ्या कागदांना ओल्या टॉवेलचा कुबट वास येत होता. आत एका टेबलावर कारकूनबाई बसत, दुसऱ्यावर गुरुजी.

गुरुजी गणिताचे निवृत्त शिक्षक. मध्यवर्तीच्या पहिल्या दिवसापासूनचे. निम्म्या क्लबांचे चिटणीस त्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे गुरुजी म्हणतील ती पूर्व दिशा. मापवाल्या बाई आल्या तशी त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

“टेलर चांगला मुलगा होता,” गुरुजी म्हणाले. “मोह होतो माणसाला. तुम्ही फार खोलात जाऊ नका. एका मताने काय होतंय? लिहून टाका, सौम्य शिक्षा व्हावी म्हणून. मी शब्द टाकतो त्याच्यासाठी.”

बाईंना ही दया ऐकून उगाचच तोंडात कडवट आलं. त्यांनी निवडणुकीत उघडलेली पाकिटं मागितली. कारकूनबाईंनी गठ्ठा पुढे केला. पेटीतून निघालेली बासष्ट पाकिटं, सगळी एका कडेने कात्रीने कापलेली, तोंडावरचे शिक्के-सह्या शाबूत.

तलाव क्लबचं पाकीट सापडलं. टेलरची सही, डॉक्टरांची सही. खाली क्लबचा शिक्का.

शिक्का जांभळा होता.

बाईंनी पाकीट उलटंसुलटं केलं. खालच्या घडीवरून बोट फिरवलं. तिथला डिंक टणक आणि जाड लागत होता. शेजारच्या दोन-तीन पाकिटांची घडी मऊ होती.

“आता नमुने द्या,” त्या म्हणाल्या.

“नमुन्यांचं काय काम?” गुरुजी पटकन म्हणाले. “ते कपाटात बंद आहेत.”

“किल्ली?”

“एक माझ्याकडे, एक यांच्याकडे,” कारकूनबाई म्हणाल्या आणि गुरुजी काही बोलायच्या आत कपाट उघडून मोकळ्या झाल्या. कपाट आणि भिंतीच्या मध्ये एक मोठी लाकडी पाटी तोंड भिंतीकडे करून उभी होती. दार पुरतं उघडेना म्हणून कारकूनबाईंनी ती फिरवून बाजूला ठेवली. पाटी नवीन रंगवलेली होती. मोठ्या तलावाला गुरुजींचं नाव दिलं होतं, त्यापुढे ‘जलतरण संकुल’, खाली ‘अध्यक्षांच्या शुभहस्ते’ आणि फरशीवाल्यांचं नाव.

“ही कधीची?” बाईंनी विचारलं.

“निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी रंगवून आली,” कारकूनबाई म्हणाल्या. “मला वाटलं, ते हरले तर पाटीचं काय करतील.”

गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले.

नमुन्यांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला होता. बासष्टच्या बासष्ट, चिकटवलेले. बाईंनी तलाव क्लबचा नमुना काढला आणि टेबलावर दुसऱ्या पाकिटाशेजारी ठेवला. दोन महिने आधी पाठवलेल्या, जुन्या पॅडच्या काळातल्या त्या नमुन्यावरचा शिक्का निळा होता.

पाच

“कारकूनबाई, तुम्ही इथेच बसा,” मापवाल्या बाई म्हणाल्या. “साक्षीदार लागेल. गुरुजी, तुम्हीही बसा. तुम्ही गणिताचे, तर गणितासारखंच सांगते.

“निळं पॅड मतदानाच्या दिवशी सकाळी विकत आणलं. क्लबचे एकवीस लोक सांगतील, आणि ते नाही बोलले तर डॉक्टरांचा शर्ट सांगेल. म्हणजे निळ्या शिक्क्याचं पाकीट हेच खरं मताचं पाकीट. जांभळ्या शिक्क्याचं ते नमुन्याचं. पण पेटीतून निघालं जांभळं, आणि नमुन्यांत पडून आहे निळं. अदलाबदल झाली. कुठे?

“पेटीत पडल्यावर नाही, कारण पेटी तिथेच सगळ्यांदेखत उघडली. वाटेत नाही, कारण नमुना तर इथे कपाटात होता, टेलरकडे नव्हता. दोन्ही पाकिटं एकाच वेळी एकाच जागी आली ती एकदाच, तुलनेच्या टेबलावर. तिथे कोण होतं?”

“किल्ली दोघांकडे होती,” गुरुजी म्हणाले. त्यांनी कारकूनबाईंकडे पाहिलंही नाही, पण बोट बरोबर तिकडे गेलं.

“किल्ली दोघांकडे होती. पण कारकूनबाई त्या सकाळी फाटकाशी नावं लिहून घेत होत्या. टेबलावर तुम्ही एकटे होतात. आणि तुम्ही एक चूक केलीत. एक पाकीट निळं, एक जांभळं. तुलना करायला बसलेल्या माणसाला हा फरक दिसायलाच हवा. त्याने रांग थांबवून टेलरला विचारायला हवं, शाई का बदलली? तुम्ही मान डोलावलीत. कारण तुम्ही तुलना करतच नव्हतात. आधी तयार करून ठेवलेलं पाकीट पेटीत टाकायचं, एवढंच तुमच्या डोक्यात होतं.”

नमुन्याची खालची घडी वाफेवर सोडवायची, कोरा कागद काढून फरशीवाल्यांच्या नावाची मतपत्रिका सरकवायची, घडी पुन्हा डिंकाने बसवायची. सही खरी, शिक्का खरा, तोंड शाबूत. मतपत्रिकेवर क्लबची कसलीच सही नसते, सगळा भरवसा पाकिटावर. आणि खरं पाकीट फाडून टाकता येत नव्हतं, कारण निवडणूक झाली की कारकूनबाई नमुने मोजून कुलूप लावायच्या. म्हणून ते नमुना म्हणून गठ्ठ्यात गेलं. चोरीचा माल चोराने सरकारी कपाटात जपून ठेवला होता.

“एका मतासाठी एवढा खटाटोप कोण करेल?” गुरुजी हसले. “तेहेतीस विरुद्ध एकोणतीस. एका मताने काय होतं ते मघाशीच सांगितलं मी.”

“तेच मला खटकतंय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून छोटा तराजू काढला. नोकरी सुटली तरी तो सुटला नव्हता. “कोरा कागद पातळ असतो. मतपत्रिका जाड कागदावर छापता तुम्ही. बोटाला कळत नाही. याला कळतं.”

बासष्ट नमुने, एकामागून एक. कारकूनबाई आकडे लिहीत होत्या. शाईचा, डिंकाचा जो काय इकडचा तिकडचा फरक असेल तो सोडला तर सगळे सारखे. तलाव क्लबचं पाकीट सव्वा ग्रॅमने जड भरलं. मग आणखी एक जड. मग तिसरं. कारकूनबाईंचा हात थांबला.

“लिहा,” बाई म्हणाल्या.

एकूण पाच पाकिटं जड होती. त्या पाच क्लबांची उघडलेली पाकिटं पाहिली तर पाचही खालून टणक. तेहेतीसमधून पाच गेले, एकोणतीसमध्ये पाच आले. निवडणूक कोचबाईंनी जिंकली होती.

गुरुजींनी चष्मा काढला. “मी या संस्थेला आयुष्य दिलं,” ते म्हणाले. “कोचबाई आल्या असत्या तर पाटी उखडून फेकली असती. मी काय पैसे घेतलेत का कोणाचे? नाव मागितलं फक्त. आणि क्लबवाल्यांना काय कळतं, हात वर करतात मेंढरासारखे.”

“टेलरचं काय?”

“तो गरीब आहे. विसरला असता.”

तीस वर्षांत बाईंनी शंभर दुकानदार पकडले होते. ते सगळे निदान गयावया तरी करायचे. बाईंना वाटलं, उठून हात धुवावेत.

सहा

फरशीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. गुरुजींनी जे केलं ते त्यांना ठाऊकही नव्हतं, त्यांना फार धक्का बसला होता, आणि तलाव क्लबचं एक मत ते मोठ्या मनाने सोडायला तयार होते. बत्तीस विरुद्ध तीस. बाकीची चार पाकिटं नियमाप्रमाणे बंदच राहतील, कारण त्या क्लबांची तक्रारच नाही.

नियम तसाच होता. क्लबाच्या संमतीशिवाय त्याचं पाकीट फोडता येत नव्हतं. बाईंनी त्या चार क्लबांच्या चिटणिसांना एकेक करून गाठलं.

पहिला म्हणाला, “यादीत आहे तेच आमचं मत.” सभेचा ठराव दाखवा म्हटल्यावर वही वाळवीने खाल्ली. दुसरा म्हणाला, आमच्या मुलांची नावं यंदा स्पर्धेत लागलीत, उगाच कशाला विषाची परीक्षा. तिसरीने दार अर्धंच उघडलं. यादी आली तेव्हा तिला वाटलं होतं की आपल्याच अध्यक्षाने परस्पर काही केलं, म्हणून तिने ती फलकावर लावलीच नाही. चौथ्याने तर स्वच्छ विचारलं, “पाकीट बंद राहिलं तर आम्हाला काय मिळेल?”

चार क्लब. चौघांनी आपल्या नावापुढे खोटं मत वाचलं होतं आणि घडी घालून खिशात ठेवलं होतं.

एक वाट उरली होती. कोणत्याही एका क्लबाने बहुमताने मागणी केली, तर सगळे नमुने सगळ्या क्लबांसमोर फोडावे लागत. हाही नियम गुरुजींनीच केला होता, माणूस बरा होता तेव्हाचा. आणि रविवारी एका क्लबाची सभा होतीच.

सात

तलाव क्लबची सभा कपडे बदलायच्या खोलीत भरली. एकवीस माणसं बाकांवर बसली होती. टेलर एका टोकाला, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणसाची जागा रिकामी. ठरावाची वही त्याच्याच मांडीवर होती, कारण स्वतःला काढून टाकण्याचा ठराव लिहायचं कामही चिटणिसाचंच होतं.

बाईंनी सगळं सांगितलं. मग कारकूनबाईंनी सोबत आणलेलं निळ्या शिक्क्याचं पाकीट सगळ्यांना दाखवलं, कात्री घातली आणि मतपत्रिका काढून डॉक्टरांच्या हातात दिली.

खूण कोचबाईंपुढे होती.

सगळे एकदम बोलायला लागले. आम्हाला वाटलंच होतं. टेलर असं करणारच नाही, मी घरी म्हटलं होतं. जे त्याच्यापासून लांब बसले होते ते सरकून जवळ आले. कोणीतरी त्याच्या पाठीवर थापही मारली. टेलर मतपत्रिकेकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्याने पुसलं नाही.

“बाकीचे चार क्लब?” त्याने बाईंना विचारलं.

“गप्प आहेत.”

“त्यांच्या चिटणिसांना कोणी चोर म्हटलं का?”

“नाही.”

“म्हणजे मी यादी फलकावर लावली म्हणून चोर,” टेलर म्हणाला.

बाईंनी नियम समजावला. अकरा हात पुरे होते, मग सगळी पाकिटं फुटली असती. टेलरने वही उघडली.

डॉक्टर उभे राहिले. “आपलं मत आपल्याला परत मिळालं. आपल्या चिटणिसावरचा डाग गेला. आता प्रकरण वाढवण्यात काय अर्थ आहे? मला काल फरशीवाल्यांचा फोन होता. यंदाची मोठी स्पर्धा आपल्या तलावावर घ्यायचं म्हणतायत. तळाला नवीन फरशीही करून देणार. माझा ठराव आहे, विषय इथेच संपवावा. कोण बाजूने?”

बाईंना वाटलं, दोघं-तिघं हात वर करतील. सतरा हात वर झाले. मघाशी ज्याने पाठीवर थाप मारली त्याचा हात सगळ्यात आधी होता. याच लोकांनी गेला आठवडाभर एका माणसाला मत विकलं म्हणून फाडून खाल्लं होतं, आणि आता सगळे मिळून तेच मत, त्याच गिऱ्हाइकाला, फरशीच्या भावात विकत होते. बाईंना किळस आली. त्यांनी कात्री पिशवीत टाकली आणि उठल्या.

“थांबा बाई,” टेलर म्हणाला. तो लिहीत होता. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. बराच वेळ लिहीत होता.

“सतरा विरुद्ध चार. एवढंच तर लिहायचंय,” डॉक्टर म्हणाले.

“नावं लिहितोय. हात वर आहेत तोवर दिसतायत.”

“नावं कधी लिहीत नाही आपण.”

“लिहू नयेत असा नियम नाही. मी चिटणीस आहे, अजून काढलेलं नाही.” टेलरने मान वर केली. “वाचून दाखवतो, कोणी चुकून राहिलं असेल तर सांगा. मध्यवर्तीच्या अध्यक्षांनी पाच क्लबांची मतं चोरून खुर्ची मिळवली हे समजल्यावर, स्पर्धा आणि फरशीच्या बदल्यात गप्प बसावं असं म्हणणारे सभासद. एक, आपले अध्यक्ष, डॉक्टर.” मग त्याने दुसरं नाव वाचलं. मग तिसरं. “याची प्रत फलकावर लागेल. मुलं वाचतात फलक.”

पाचव्या नावाला एक हात खाली आला. “माझं काढा,” मागून आवाज आला. “मला नीट ऐकू आलं नव्हतं.” मग आणखी एक. मग शेजारशेजारचे दोघं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एकाने तर हात खाली घेऊन डोकं खाजवलं, जणू तो मुळात त्यासाठीच वर गेला होता.

डॉक्टर खाली बसले. टेलरने पाटी पुसावी तशी शांतपणे एकेक नावावर रेघ मारली.

“आता सगळी पाकिटं फोडावीत असा माझा ठराव,” तो म्हणाला. “बाई, तुम्ही त्रयस्थ आहात. मोजा.”

हात वर झाले. मापवाल्या बाई उभ्याच होत्या. “यातले तीन-चार सोडले तर एकही हात खरा नाही टेलरभाऊ. नाव लागेल या भीतीने वर केलेत बाकीच्यांनी.”

“मला माहितीय,” टेलर म्हणाला. “कारणं मोजायची नसतात. हात मोजा.”

बाईंनी हात मोजले. बारा होते.